जुन्या पिकअपचा टॅकोमीटर: आधी मॉडेलचं वर्ष बघा

संपादक महोदय,

परदेशातल्या मराठी मंडळींच्या छंदांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकांचाही उल्लेख होता. लेख वाचनीय आहे. मात्र टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा काटा) नसलेल्या ट्रकला त्याच मॉडेलच्या कुठल्याही वर्षाचं टॅकोमीटरवालं मीटर (डॅशबोर्डवरचा काट्यांचा अख्खा संच) सरळ बसतं, हे त्यातलं विधान चुकीचं आहे. त्यावर विसंबून कुणी भंगार यार्डात गेलं, तर पैसे जातील आणि सुट्टीचा दिवसही जाईल.

फोर्ड एफ-१५० चंच उदाहरण घेऊ, कारण घोळ सर्वांत जास्त तिथेच होतो. १९८० ते १९९६ या काळात या ट्रकच्या केबिनचा सांगाडा जवळपास तोच राहिला, म्हणून आतलं सगळं अदलाबदल करता येत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात डॅशबोर्ड दोनदा बदलला, १९८७ मध्ये आणि १९९२ मध्ये. त्यामुळे मीटरची तीन वेगळी घराणी आहेत: १९८०-८६, १९८७-९१ आणि १९९२-९६. एका घराण्याचं मीटर दुसऱ्यात घालायला जाऊ नये.

पहिल्या दोन घराण्यांत तर विजेचा हिशोबच उलटा आहे. १९८६ पर्यंत इंधनाच्या टाकीतलं पातळी मोजणारं युनिट टाकी रिकामी असताना सुमारे ७३ ओहम आणि भरलेली असताना सुमारे १० ओहम रोध दाखवतं. १९८७ पासून रिकाम्या टाकीला १६ आणि भरलेल्या टाकीला १५८ ओहम झाले. म्हणजे नव्या काळातली टाकी जुन्या ट्रकला लावली आणि मीटर जुनंच ठेवलं, तर भरलेली टाकी रिकामी दिसेल आणि रिकामी भरलेली. शेव्हरलेटचं गणित आणखी वेगळं आहे, तिथे ० ते ९० ओहम. एका कंपनीचं मीटर दुसऱ्या कंपनीच्या युनिटला जोडून 'थोडा फरक पडेल' म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

१९८७-९१ च्या ट्रकमध्ये स्पीडोमीटर केबलवर चालतो. इथे टॅकोमीटर घालणं सोपं आहे, पण नुसता टॅकोमीटर आणून भागत नाही. मीटरच्या पाठीला चिकटलेली लवचिक छापील पट्टी, जिच्यातून सगळी वीज फिरते, ती टॅकोमीटर असलेल्या आणि नसलेल्या मीटरसाठी वेगळी असते. म्हणून यार्डातून मीटर अख्खं आणावं, त्यातला स्पीडोमीटर काढून ठेवावा आणि आपल्या ट्रकचा स्पीडोमीटर त्याच्या ओडोमीटरसकट (एकूण धाव दाखवणाऱ्या आकड्यांसकट) नव्या घरात बसवावा. काटे मात्र उपसू नयेत. एकदा काढलेला काटा पुन्हा त्याच जागी बसेल याची खात्री नसते.

काम करताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. १९९४ पासून एफ-१५० ला चालकासाठी एअरबॅग आली, त्यामुळे त्या वर्षापासूनच्या ट्रकवर तार काढल्यावर काही मिनिटं थांबून मगच हात घालावा. ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकमध्ये मीटरमधला गिअर दाखवणारा काटा एका बारीक तारेने स्टिअरिंग कॉलमला बांधलेला असतो. ती आधी सोडवली नाही आणि मीटर तसंच ओढलं, तर तार तुटते. ज्या ट्रकमधून मीटर काढलं तो मॅन्युअल गिअरचा असेल, तर त्याच्या मीटरमध्ये हा काटा नसतोच. अशा वेळी तो आपल्या जुन्या मीटरमधून हलवावा लागतो. केबलवाल्या स्पीडोमीटरची केबल मागून प्लास्टिकची चपटी बाजू दाबल्यावर सुटते. हात पोचत नसेल, तर इंजिनच्या बाजूने केबल थोडी आत सरकवून ढील घ्यावी. प्लग काढताना वायरींना धरून ओढू नये, प्लगलाच धरावं.

छापील पट्टीवरच्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतील, तर पेन्सिलीच्या खोडरबरने हलक्या हाताने घासाव्यात. सँडपेपर लावला की तांबं निघतं आणि मग पट्टी टाकाऊ होते. मीटर उघडलंच आहे, तर आतले सगळे दिवे एकदमच बदलून टाकावेत. दोन महिन्यांनी एका दिव्यासाठी पुन्हा तोच डॅशबोर्ड उघडण्यात अर्थ नाही.

इंधनाचा काटा डचमळू नये म्हणून १९८७ नंतरच्या मीटरच्या पाठीला एक छोटं मॉड्यूल असतं. नव्या मीटरवर इंधनाचा काटा नाचायला लागला, तर टाकी उतरवण्याआधी आपल्या जुन्या मीटरचं मॉड्यूल तिथे लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. तेलदाबाच्या मीटरबद्दलही एक सांगायला हवं. १९८७ पासून फोर्डने या ट्रकांमध्ये खरा दाब मोजणारं युनिट काढून साधा स्विच बसवला आणि मीटरच्या पाठीला २० ओहमचा रोध लावला. किमान दाब मिळाला की स्विच जोडला जातो आणि काटा मध्यावर जाऊन थांबतो. काट्याच्या रूपातला इशारादिवा म्हणावा इतकंच त्याचं काम. खरं युनिट लावायचं असेल, तर तो रोध बायपास करावा लागतो, नाहीतर वाचन चुकतं.

१९९२ पासूनची गोष्ट वेगळी, आणि लेखातल्या सल्ल्याने खरं नुकसान होईल ते इथेच. या ट्रकांत केबल नाही. मागच्या डिफरन्शिअलवरच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या घरावरच्या) सेन्सरकडून येणारी स्पंदनं स्पीडोमीटरमधल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे जातात, आणि ते मॉड्यूल पुढे इंजिनच्या संगणकाला आणि क्रूझ कंट्रोलला मैलाला ८,००० स्पंदनांच्या हिशोबाने वेग कळवतं. ते नीट चाललं नाही, तर नुसता वेगाचा काटा बंद पडत नाही. इलेक्ट्रॉनिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलण्यातही गोंधळ घालू लागतो. ओडोमीटरचे आकडे याच मॉड्यूलच्या स्मृतीत असतात. टायरचा आकार बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (टायरच्या आकाराशी जुळवणी) बदलता येतं, पण सहा वेळाच. यार्डातल्या मॉड्यूलच्या आधीच्या मालकाने त्यातल्या किती संधी वापरल्या, ते बाहेरून कळत नाही. म्हणून १९९२-९६ च्या ट्रकमध्ये मीटर दुसऱ्याचं घेतलं तरी हे मॉड्यूल आपलंच ठेवावं. ते स्क्रूने बसवलेलं असतं. काढून नव्या घरात लावलं की किलोमीटर, म्हणजे तिकडचे मैल, जसेच्या तसे राहतात आणि कॅलिब्रेशनही. एअरबॅग असलेल्या ट्रकला १९९२-९३ चं मीटर आणू नये, कारण त्यात एअरबॅगच्या इशारादिव्याची सोय नसते.

लेखात कायद्याचा उल्लेख अजिबात नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार ओडोमीटर बदलताना जुना आकडा कायम ठेवता आला नाही, तर नवा शून्यावर आणावा लागतो आणि चालकाच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या दाराच्या चौकटीवर आधीचा आकडा आणि बदलल्याची तारीख लिहिलेली सूचना चिकटवावी लागते. फसवणुकीच्या हेतूने ती सूचना काढणं किंवा बदलणं हेही बेकायदा आहे. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलांना विक्रीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा जाहीर करण्यातून सूट आहे. पण ही सूट कागदपत्रापुरती आहे. आकड्यात फसवणुकीच्या हेतूने फेरफार करायची मुभा त्यातून मिळत नाही. आपला स्पीडोमीटर किंवा मॉड्यूल आपल्याकडेच ठेवण्याचं हे दुसरं कारण.

आता टॅकोमीटरच्या वाचनाबद्दल. पेट्रोल इंजिनात ठिणग्यांची स्पंदनं मोजून फेरे दाखवले जातात. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका फेऱ्याला सहा सिलिंडर असतील तर तीन ठिणग्या पडतात, आठ असतील तर चार. सहा सिलिंडरच्या ४.९ लिटर इंजिनाला आठ सिलिंडरचा टॅकोमीटर लावला, तर २,००० फेऱ्यांना तो १,५०० दाखवेल. उलट केलं, तर २,००० चे सुमारे २,६७० दिसतील. टोयोटाच्या जुन्या पिकअपमध्येही हेच: चार सिलिंडरच्या २२आरई इंजिनाचा टॅकोमीटर व्ही-सिक्स ट्रकला दीडपट आकडा दाखवतो. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. फोर्डच्या जुन्या ७.३ लिटर डिझेल इंजिनात टॅकोमीटरला इंधनपंपाच्या गिअरच्या घरावर बसवलेल्या वेगळ्या सेन्सरचं सिग्नल मिळतं. त्यामुळे डिझेलचं मीटर पेट्रोलच्या ट्रकला निरुपयोगी, मग ते कितीही स्वस्त मिळो.

खरेदीआधी एक तपासणी करून घ्यावी. आपल्या ट्रकच्या मीटरच्या प्लगमध्ये टॅकोमीटरच्या खाचेत वायर आहे की खाच रिकामी आहे, ते त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडून बघावं. वायरचे रंग तोंडी ऐकून ठरवू नयेत. खाच रिकामी असेल, तर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हपासून वायर ओढावी लागते. शेव्हरलेटच्या १९७५ नंतरच्या एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) डिस्ट्रिब्युटरवर त्यासाठी वेगळं टर्मिनल दिलेलंच आहे.

सगळं बसवल्यावर टॅकोमीटर फेरे दाखवणाऱ्या टायमिंग लाइटशी (ठिणगीची वेळ तपासायच्या दिव्याशी) दोन ठिकाणी ताडून पाहावा: आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) आणि २,००० च्या आसपास. दोन्ही ठिकाणी खऱ्या आकड्याच्या पाऊणपट किंवा सव्वापटीहून थोडं जास्त दिसलं, तर सिलिंडरची संख्या चुकली आहे. काटा थरथरत असेल, तर कॉइलकडची जोडणी तपासा. काटा हललाच नाही, तर बहुधा ती रिकामी खाच. आणि हेडलाइट लावल्याबरोबर सगळेच काटे एकदम सरकले, तर दोष टॅकोमीटरचा नाही, मीटरचं अर्थिंग सैल आहे.

दुरुस्ती छापाल, तर निदान तीन घराण्यांची वर्षं त्यात द्यावीत, ही विनंती.

आपले,
जुन्या पिकअपची कामं करणारे दोन वाचक
न्यू जर्सी, अमेरिका