आमच्या वाटणीचे पार्सल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत ‘पार्सल’ या शब्दावर टिपण आले आहे. पार्सल, पॅकेट, पॅकेज ही सख्खी भावंडे आणि तिघांच्या मुळाशी ‘बांधणे’, असा शोध त्यात लावला आहे. लेखकाची शैली छान आहे. घरात एखादा इंग्रजी कोश असता तर शोधही बरा लागला असता.

पॅकेट आणि पॅकेज भावंडे आहेत, कबूल. ती ‘पॅक’ची लेकरे. पार्सल त्या घरातले नाही. लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग. त्यापासून झालेला ‘लहानसा हिस्सा’ या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला, तो पार्सल. पुडक्याचा अर्थ त्याला चिकटला सतराव्या शतकात. पार्ट, पार्टी, पार्टनर ही त्याची खरी भावकी. साहेब ‘पार्ट अँड पार्सल’ म्हणतो तेव्हा एकच गोष्ट दोनदा सांगत असतो, आपण ‘वाटा-हिस्सा’ म्हणतो तशी. यातले काहीच न देता अर्धे टिपण हॉटेलातल्या ‘इथेच की पार्सल?’वर आणि निवडणुकीतल्या ‘बाहेरचे पार्सल परत पाठवा’वर खर्ची घातले आहे. ते आम्हाला रोज ऐकू येते, त्यासाठी पुरवणी कशाला?

मी एका वकिलांकडे ३१ वर्षे टायपिस्ट होते. इंग्रजी खरेदीखताच्या परिशिष्टाची सुरुवात ठरलेली असे: ‘ऑल दॅट पीस अँड पार्सल ऑफ लँड’. मग गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. झोपेतही बोटे तेवढे वाक्य बडवत. आता सरकार जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अंकी क्रमांक देते आहे, त्याच्या इंग्रजी नावातसुद्धा ‘लँड पार्सल’ आहे. आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला ‘कोपार्सनर’, म्हणजे सहवाटेकरी, हाही याच ‘पार्स’च्या कुळातला. मुलगी जन्मानेच कोपार्सनर, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने सांगितले. ती दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

कलमे मला पाठ होती, तरी २००९ मध्ये वडील गेल्यावर दुय्यम निबंधकांपुढे बसून हक्कसोडपत्रावर सही मीच केली. मसुदाही मीच टाइप केला, भावांचे पैसे वाचावेत म्हणून. विहिरीलगतचा तुकडा होता. धाकटा म्हणाला, “ताई, तुला आम्ही काही कमी पाठवणार आहोत का?” खोटे बोलला नाही बिचारा. दर दिवाळीला पार्सल येते.

गेल्या दिवाळीत आले ते एका कोपऱ्यातून दबलेले, खाकी चिकटपट्टी तीन वेढे मारलेली, वर धाकट्याचे तिरके अक्षर. आत चकल्यांचा भुगा, लाडवांचे पुन्हा बेसन झालेले. कुरिअरवाल्यांना फोन केला तर उत्तर मिळाले, “मॅडम, बांधणी तुमच्या माणसाची, आम्ही फक्त पोचवतो.” चिवड्याच्या पिशवीखाली तेल प्यालेला कागद होता. उलगडला तर आपलेच वर्तमानपत्र, राशिभविष्याचे पान. माझ्या राशीला ‘स्थावर मालमत्तेतून लाभ’. चिवडा मात्र चांगला होता, वहिनीच्या हाताला चव आहे.

तेव्हा आपल्या लेखकांना सांगावे की पार्सलचा मूळ अर्थ बांधून दिलेले असा नसून वाटणीला आलेले असा आहे. दुरुस्ती छापलीत तर चौकटीत छापा. मागे एकदा छापली होती ती निविदा सूचनांच्या खाली होती आणि भिंगाशिवाय दिसत नव्हती.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तर सोमवारी देऊ असे आपण दर आठवड्याला छापता. आज सोमवार आहे. पान ७ वर त्या जागी गाद्यांची जाहिरात आहे. आडवा १४ माझा अजून अडलेला आहे.

कळावे,
एक निवृत्त टंकलेखिका, सातारा