'ही' चिकटतो, 'ऑल्सो' चिकटत नाही

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

इंग्रजीच्या सराव परीक्षेतल्या पानाचा तुझा फोटो काल रात्री नीट पाहिला. 'शब्द सगळे बरोबर असून गुण का कापला?' असं तू विचारलंस. शब्द बरोबरच आहेत गं, जागा चुकली आहे.

तुझं वाक्य होतं, 'ही नॉट ओन्ली प्लेज द तबला बट ऑल्सो द हार्मोनियम.' 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढे क्रियापद आहे, 'बट ऑल्सो'पुढे नुसतं नाम. वाचणाऱ्याला वाटतं, हा तबला वाजवतो आणि शिवाय आणखी काही करतो, शिकवत असेल; आणि पुढे निघते पेटी! 'प्लेज' अलीकडे आण: 'ही प्लेज नॉट ओन्ली द तबला बट ऑल्सो द हार्मोनियम.' क्रियापद आतच ठेवायचं असेल तर दोन्हीकडे हवं: 'ही नॉट ओन्ली प्लेज द तबला बट ऑल्सो टीचेस इट.'

आपलं इथे का चुकतं, यावर मी बराच विचार केला. मराठीत 'च' आणि 'ही' थेट शब्दाला चिकटतात. 'तबलाच नाही, पेटीही वाजवतो' आणि 'तबला वाजवतोच, शिवाय शिकवतोही' यांत जोर कशावर, ते कान लगेच ओळखतो. वाक्यातले शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. इंग्रजीत असं चिकटणारं अक्षर नाही, तिथे ते काम जागा करते. मला शाळेत नियम पाठ होता, पण त्यामागचं कारण कुणी सांगितलं नव्हतं; नोकरीत इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. तुझं तसं होऊ नये.

'आयदर-ऑर', 'नीदर-नॉर', 'बोथ-अँड' यांनाही हेच लागू. 'इन बोथ पुणे अँड नाशिक' चालेल, 'बोथ इन पुणे अँड इन नाशिक'ही चालेल. 'बोथ इन पुणे अँड नाशिक' नको. आणि 'बोथ'ची जोडी 'अँड'शीच, 'अ‍ॅज वेल अ‍ॅज'शी नाही.

'नो सूनर'पुढे तू 'व्हेन' लिहिलंयस. 'सूनर' म्हणजे 'अधिक लवकर', तुलना आली, म्हणून 'दॅन'. 'व्हेन' येतं ते 'हार्डली'बरोबर.

रविवारी फोन करशील तेव्हा अशी पाच वाक्यं तयार ठेव. मला वाचून दाखव.

तुझी,
आई