संपत्तिकर कार्डाने घ्या, पण आधी हप्ते द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संपत्तिकर क्रेडिट कार्डाने भरता यावा ही मागणी आता जुनी झाली. मोठ्या शहरांच्या पोर्टलवर यूपीआय, नेट बँकिंग आणि डेबिट कार्डाबरोबर क्रेडिट कार्डाचा पर्यायही दिसू लागला आहे. सोय चांगली आहे आणि ती राहावी. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हा पर्याय कोण निवडतो आणि कशापायी निवडतो, याचा विचार कर घेणाऱ्यांनी करावा, म्हणून हे पत्र.

ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याला क्रेडिट कार्डाची गरजच नाही. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला बँकेचे शुल्क, म्हणजे ज्याला एमडीआर म्हणतात ते, शून्य आहे. कर भरण्यासाठी यूपीआयची मर्यादाही सप्टेंबर 2024 पासून पाच लाख रुपये झाली. आपल्या घरांचा वर्षाचा कर त्यात सहज बसतो. राहता राहिली पॉइंटांची हौस, तर सरकारी भरण्यावर पॉइंट देणे बऱ्याच बँकांनी बंद केले आहे. मग क्रेडिट कार्डाने कर भरतो तो मुख्यतः असा माणूस, ज्याला कर वेळेत भरायचा आहे, पण आज हातात रक्कम नाही.

इंदूरच्या मध्यमवर्गी घराला मार्च-एप्रिल कसा जातो हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. 1 एप्रिलला शाळांचे नवे सत्र सुरू होते, म्हणजे फी, पुस्तके, गणवेश. विम्याचा हप्ता बहुधा याच दिवसांत येतो. आणि माळव्यात अजूनही कितीतरी घरांत वर्षाचा गहू याच सुमारास भरला जातो. आमच्या रामबागेत गव्हाची पोती उतरवणारी हातगाडी आणि कराचे बिल यांची गाठ दरवर्षी पडते. गहू पुढे ढकलता येत नाही, कारण भाव चढतो. फी पुढे ढकलता येत नाही. कर ढकलला तर अधिभार लागतो. अशा वेळी कार्डाकडे हात जाणे स्वाभाविक आहे.

आता त्या कार्डाचा हिशेब मांडते. मी एका सहकारी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात नोकरी काढली, त्यामुळे आकडा दिसला की तो उलगडून पाहायची सवय आहे. समजा कर आहे 18,400 रुपये. डेबिट कार्डाच्या शुल्कावर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून कमाल मर्यादा घातली आहे, मोठ्या व्यापाऱ्याला 0.9 टक्के आणि एका व्यवहाराला फार तर हजार रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. दोन टक्के शुल्क धरले तर 368 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, 66 रुपये. एकूण 18,834. पुढच्या महिन्यात हे सगळे पैसे फेडले तर नुकसान एवढ्यावरच थांबते. पण ज्याच्याकडे मार्चमध्ये अठरा हजार नव्हते, त्याच्याकडे एप्रिलच्या फीनंतर ते कुठून येणार? तो कार्डाची किमान रक्कम भरतो. मग व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. महिन्याला साडेतीन टक्के हा कार्डाचा नेहमीचा दर, म्हणजे पहिल्याच महिन्याला 659 रुपये, त्यावर पुन्हा जीएसटी 119. वर्षाला चाळीस टक्क्यांहून महाग असे हे कर्ज आहे आणि ते त्याने चैनीसाठी काढलेले नाही, शहराची देणी वेळेवर देण्यासाठी काढले आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यातून शुल्क दाखवण्याची पद्धत. माझ्या धाकट्या भावाचे एक घर दुसऱ्या शहरात आहे. तिथल्या पोर्टलवर पहिल्या पानावर कराची रक्कम आली, दुसऱ्या पानावर कार्डाचा नंबर मागितला, ओटीपी आला, आणि शुल्क किती कापले ते त्याला कार्डाच्या बिलातच कळले. पावतीवर ते कुठेच नव्हते. पावतीवर नसलेल्या पैशांची दाद कोणाकडे मागायची? पोर्टल म्हणते बँकेला विचारा, बँक म्हणते पोर्टलला विचारा. आपल्याकडे आणि सगळीकडेच नियम असा हवा की कार्डाचा पर्याय निवडताक्षणी शुल्क रुपयांत दिसले पाहिजे, टक्क्यांत नव्हे, आणि शेजारीच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे की यूपीआयने भरल्यास शुल्क लागणार नाही.

हे शुल्क पालिकेनेच सोसावे, असे काही मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. कार्डाने एक कोटी कर आला तर दोन टक्क्यांनी दोन लाख आणि वर जीएसटी 36 हजार, एवढे पैसे रस्ते, ड्रेनेज आणि नर्मदेच्या पाण्यातून कमी होतील. दोन खोल्यांच्या घरवाल्याने रोख भरलेल्या करातून एखाद्या मोठ्या कॉम्प्लेक्सच्या मालकाच्या कार्डाचे शुल्क का भरावे? अमेरिकेत कितीतरी काउंट्या घरांचा कर कार्डाने घेतात, पण तिथेही दोन-अडीच टक्क्यांच्या आसपासचे शुल्क भरणाऱ्याकडूनच आणि वेगळे घेतले जाते. तिथल्या केंद्रीय आयकर खात्याला तर कार्डाचे शुल्क स्वतः सोसायला कायद्यानेच मनाई आहे. ज्याने सोय वापरली त्याने मोल द्यावे, हे न्यायाचे आहे. पण ते न्यायाचे तेव्हाच, जेव्हा त्याच्यापुढे बिनखर्चाचा दुसरा मार्ग असतो. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला यूपीआय आहे. ज्याच्याकडे या महिन्यात पैसे नाहीत, त्याला काय आहे?

इथे लोक अदालतीचा विषय काढावाच लागतो. गेली काही वर्षे मध्य प्रदेशात राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी संपत्तिकराच्या थकबाकीवरचा अधिभार माफ होतो, 50 हजारांपर्यंतच्या थकबाकीवर तर पूर्ण. त्या शनिवारी झोन कार्यालयात टेबले लागतात, बिल कलेक्टर आधी फोन करून बोलावतात. अडलेल्या माणसाला सवलत मिळते याबद्दल तक्रार नाही, मिळायलाच हवी. पण जो कर थकू नये म्हणून कार्डावर चाळीस टक्क्यांनी व्याज भरतो, त्याचे ते व्याज कोणतीही अदालत माफ करत नाही. वेळेत भरणाऱ्याला जास्त पैसे पडावेत आणि थांबणाऱ्याला कमी, असे वर्षानुवर्षे चालले तर वेळेत भरणारे कमी होत जातील.

म्हणून माझी मागणी कार्डाच्या आधीची आहे: महापालिकेने दरमहा हप्त्याने कर घ्यावा. 18,400 चे बारा भाग केले तर महिन्याला 1,533 रुपये पडतात. आमच्या पतसंस्थेत पिग्मीचा एजंट दुकानादुकानांतून रोज पन्नास-शंभर रुपये गोळा करायचा आणि वर्षाअखेरी त्याच दुकानदारांच्या हातात मुलीच्या फीचे, दुकानाच्या भाड्याचे पैसे असायचे. एकरकमी कधीच जमले नसते असे ते स्वतः सांगत. वीजबिल आपण महिन्याला भरतोच. यूपीआयच्या ऑटोपेने ठरल्या तारखेला हप्ता आपोआप कापून घेता येतो. आपल्या राज्यात स्वतः राहत असलेल्या घराला संपत्तिकरात निम्मी सूट आहे, म्हणजे अशी घरे कोणती याची नोंद महापालिकेकडे आधीच आहे. सुरुवात त्याच घरांपासून करावी. फेब्रुवारी 2023 मध्ये जलूदच्या सौर प्रकल्पासाठी ग्रीन बाँड काढून लोकांकडून 244 कोटी रुपये उभे करणाऱ्या इंदूर महापालिकेला बारा हप्त्यांचा हिशेब ठेवणे अवघड जाऊ नये. उलट पैसा वर्षभर येत राहील आणि मार्चमधली झोन कार्यालयातली झुंबड कमी होईल.

एक बाब राहिली. कार्डाने भरताना पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. घाबरून लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात आणि मग परताव्यासाठी एआरओंच्या, म्हणजे सहायक महसूल अधिकाऱ्यांच्या, टेबलापाशी उभे राहतात. कराच्या बिलामागे कोरी जागा पुष्कळ असते. हा नियम, कार्डाचे शुल्क आणि बिनशुल्क भरण्याचे मार्ग तिथे हिंदीत आणि मराठीत छापता येतील. पुढच्या वर्षाची बिले छापायला जाण्यापूर्वी महापौर आणि आयुक्तांनी एवढे करावे, आणि हप्त्यांचा प्रस्ताव येत्या अर्थसंकल्पी बैठकीत मांडावा, ही विनंती.

आपली,
एक करदाती, रामबाग, इंदूर