कोजागिरीआधी दम्याच्या पुड्या तपासा

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

कोजागिरी जवळ आली की ‘दम्यावर रामबाण’चे फलक झळकू लागतात. चांदण्यात ठेवलेली खीर, तीत कालवलेली पूड, पहाटे रांगेत उभे राहून प्यायची. खिरीशी आमचे भांडण नाही. काही ठिकाणी तिच्यासोबत महिनाभराच्या पुड्या आणि ‘आता पंप (तोंडाने ओढायचे दम्याचे औषध) बंद करा’ हा सल्लाही मिळतो. हे पत्र त्यासाठी आहे.

पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही. ‘मधातून, सकाळ-संध्याकाळ’ एवढेच तोंडी. तपकिरी चूर्णात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गोळी कुटून घातली तर डोळ्यांना कळत नाही. परिणाम मात्र दोन-तीन दिवसांत दिसतो: श्वास मोकळा, भूक सडकून, रुग्ण खूश. दिवसाला 1.5 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या 10 मिलिग्रॅमइतका परिणाम. शरीर स्वतः जेवढे स्टेरॉइड तयार करते त्याच्या साधारण दुप्पट. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय उसळू शकतो. विचारले तर उत्तर ठरलेले: ‘आयुर्वेदिकच घेतोय.’ यात बदनामी होते ती शास्त्रोक्त आयुर्वेदाची. ज्या अडुळशातल्या वासिसीन या घटकावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडले, त्याला कुणी हलके लेखू नये. प्राणायामाने, ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडण्याने दम कमी लागतो, हेही खरे. पण श्वासनळीची सूज उतरवणारा पंप त्याने सुटत नाही.

राख, ओलावा आणि जड धातू तपासून स्टेरॉइड सापडत नाही. त्यासाठी क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी हवी, आणि ‘डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन शोधा’ असे नमुन्यासोबत स्पष्ट लिहून द्यायला हवे. थिओफायलिन या श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाचाही उल्लेख असावा. त्याची मात्रा थोडी चुकली तरी उलट्या, धडधड, झटके येतात. कोजागिरीच्या पंधरा दिवस आधी औषध निरीक्षकांना असा आदेश द्या. नमुना नुसत्या खिरीचा नको, पुड्यांचाही घ्या.

एक गोष्ट मात्र धाड टाकण्यापूर्वीच ठरवावी लागेल. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड पोटात गेले की शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. साठा जप्त झाला आणि पुडी एकदम थांबली, तर उलट्या, रक्तदाब कोसळणे, शुद्ध हरपणे, मृत्यूसुद्धा ओढवू शकतो. म्हणून सार्वजनिक आरोग्य विभागाला सोबत घ्या. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आधी कळवा, ही उणीव तातडीने भरून काढणारी 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शने तिथे तयार ठेवा. गावात दवंडी द्या की उरलेली पुडी फेकू नका, ती घेऊन डॉक्टरकडे या. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतील आणि पंप पुन्हा सुरू करतील, स्पेसर (औषध नीट आत जावे म्हणून पंपाला जोडायची नळी) लावून.

आपले,
श्वसनविकारांवर उपचार करणारे डॉक्टर व औषधनिर्माते