प्रेसवर बसायला बारावी कशाला?

महोदय,

आमच्या तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर यंदा हंगामाच्या तोंडावर फलक लागला: प्रेसवर (कापसाच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रावर) काम हवे असल्यास बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक. फलकावर जातीचा उल्लेख नाही, त्यामुळे बोट ठेवायला जागा नाही. मात्र प्रेसवरचे जुने कामगार चौथी-सातवीच्या पुढे शिकलेले नाहीत आणि त्यांनी बांधलेली गाठ कधी सुटल्याचे ऐकिवात नाही. अडले ते वर्षानुवर्षे कापूस ओढणारे, सरकी भरणारे आणि आवार झाडणारे, जे जवळपास सगळे एकाच वस्तीतले आहेत. त्यांच्यातील एक जण तर नुसत्या आवाजावरून मशीनला तेल कमी पडल्याचे सांगतो. अडचण आली की ऑपरेटर त्यालाच हाक मारतात, पण हजेरीपटावर तो झाडूवालाच.

अशा फलकांमागचे कपट न्यायालयात उघडे पाडण्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वकील ज्युलियस चेंबर्स यांचे आयुष्य गेले. त्यांचे वडील मोटारी दुरुस्त करीत. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने कामाचे पैसे बुडवले, तेव्हा त्यांचा खटला घ्यायला एकही वकील तयार झाला नाही, आणि मुलाने वकील व्हायचे ठरवले. १९६४ मध्ये त्यांनी शार्लट शहरात वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांच्या मोटारीवर आणि घरावर बॉम्बहल्ले झाले, १९७१ मध्ये कार्यालयही जाळण्यात आले, तरी त्यांनी काम थांबवले नाही.

नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीयांना केवळ झाडलोट-हमालीच्या खात्यात ठेवले जाई आणि तिथला सर्वाधिक पगार इतर खात्यांतील सर्वांत कमी पगाराहूनही कमी असे. २ जुलै १९६५ रोजी भेदभावबंदीचा कायदा लागू झाला. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने लेखी चाचण्यांची अट घातली! चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ कामगारांच्या वतीने हा खटला लढवला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, अट दिसायला निःपक्ष असली तरी तिने एका समाजाची वाट अडत असेल, तर त्या कामासाठी ती गरजेची आहे हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. त्याचा हेतू चांगला होता, एवढे पुरेसे नाही.

आपल्याकडे १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली होती. सूत तोंडाने ओढावे लागते, त्याने विटाळ होतो, हे कारण तेव्हा निदान उघडपणे सांगितले जात होते. आज बारावीचे प्रमाणपत्र पुढे केले जाते. घटनेच्या कलम १६(२) ने नोकरीतील जातिभेदाला मनाई केली आहे, परंतु ती सरकारी नोकरीपुरती. खासगी मालकाला अशा अटीचा जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आपल्या आमदार-खासदारांनी आजवर केलेला नाही.

तो होईल तेव्हा होईल. तूर्त कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी या कारखान्याकडे, प्रेसवरच्या जुन्या कामगारांपैकी बारावी उत्तीर्ण किती, एवढा एकच आकडा मागावा.

— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा