सप्तर्षींतले पाच तारे खरोखरच एकत्र आहेत

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतली मुलांसाठीची आकाशदर्शनाची चौकट मी न चुकता वाचतो. या वेळी तीत छापले आहे की, तारकासमूहातल्या ताऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, ते फक्त एका दिशेला दिसतात, आणि उदाहरण दिले आहे सप्तर्षींचे. विधान बहुतेक तारकासमूहांना लागू पडते. सप्तर्षींना मात्र पडत नाही. आमच्या गावच्या शाळेत ही चौकट कापून फलकावर लावतात, म्हणून लिहायला बसलो.

मी जत तालुक्यातला शेतकरी. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीच येते, मग शाळूला दारे धरायला रात्रीच जावे लागते. वाफा भरेपर्यंत हाताला काम नसते आणि मान आपोआप वर जाते. जानेवारीच्या अखेरीस मध्यरात्री सप्तर्षी ईशान्येला उभे दिसतात, पहाटे तीन-चारच्या सुमारास उत्तरेला चांगले वर आलेले असतात. आमच्याकडची जुनी माणसे त्यांना म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज पळवणारे चोर.

या बाजेचे तीन खूर, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, आणि पहिले दोन चोर, अंगिरस आणि वसिष्ठ, हे पाचही आपल्यापासून 80 ते 83 प्रकाशवर्षांवर आहेत. पाचांच्या चालीची दिशा एक, वेगही जवळपास एकच. वसिष्ठाला खेटून दिसणारी अरुंधतीसुद्धा त्यांच्यातलीच. लग्नात नवरानवरीला जी जोडी दाखवतात, ती आकाशातही खरोखर सोबतच चालली आहे, हे मुलांना सांगायलाच हवे. उरला चौथा खूर, क्रतू. तो 123 प्रकाशवर्षांवर आहे. शेवटचा चोर मरीची 104 वर. हे दोघे परके, आणि आपल्याला दिसते त्यानुसार जवळजवळ उलट्या दिशेने निघालेले. लाखभर वर्षांनी ही बाज पार वाकडी झालेली असेल, ती या दोघांमुळेच.

हे काल-परवा लागलेले शोध नाहीत. तारे आकाशात जागा बदलतात हे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी 1718 मध्ये दाखवले. रिचर्ड प्रॉक्टर यांनी ताऱ्यांच्या सरकण्याचे बाण नकाशावर काढले आणि 1869 मध्ये त्यांना या पाचांचे बाण एकाच बाजूला वळलेले दिसले. पुढे तीनच वर्षांत विल्यम हगिन्स यांनी ताऱ्यांच्या वर्णपटावरून, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडून, त्याला पुष्टी दिली.

कारण असे, की हे सगळे एकाच वायुमेघातून जन्मले, सुमारे चाळीस-पन्नास कोटी वर्षांपूर्वी. एकमेकांना घट्ट धरून ठेवण्याइतके गुरुत्वाकर्षण त्यांच्यात नाही. त्यामुळे समूह सैल होत गेला, पण जन्माच्या वेळची चाल तशीच राहिली. काही भावंडे फार लांब पांगली आहेत. उत्तर मुकुट या तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी तारा त्यांतलाच मानतात. आपला सूर्य यांच्या जवळून चालला असला तरी यांच्यातला नाही. तो 460 कोटी वर्षांचा, यांच्यापेक्षा कितीतरी थोरला.

आणि असे सैल समूह सूर्याच्या आसपास बरेच आहेत. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य हा तेजस्वी तारा दिसतो. त्याच्या थोडे पश्चिमेला एक फिकट तारा आहे, चित्रफलक तारकासमूहातला बीटा पिक्टोरिस. तो अशाच एका सैल समूहातला आहे. गावातले दिवे नसतील तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मी बांधावरून पाहतो. 63 प्रकाशवर्षांवरचा हा तारा अवघा दोन-अडीच कोटी वर्षांचा. त्याच्याभोवतीच्या धुळीच्या चकतीचे छायाचित्र 1984 मध्ये मिळाले आणि 2008 मध्ये त्याच्या एका ग्रहाचे थेट छायाचित्र जाहीर झाले. ग्रह अजून जन्माच्या उष्णतेने तापलेला आहे, म्हणून तो टिपता आला. एकट्या ताऱ्याचे वय काढणे फार अवघड असते. सोबत चालणारी भावंडे सापडली की सगळ्यांचे मिळून वय ठरवता येते, आणि त्यावरून ग्रहाचेही. सैल समूहांचा खरा उपयोग इथे आहे, आणि त्याबद्दल मराठीत इतके कमी छापून येते याचे मला वाईट वाटते.

चौकट लिहिणाऱ्यांना एवढेच कळवावे: परके तारे एका आकृतीत कसे दिसतात हे सांगायला रोहिणी घ्या. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिच्याभोवतीचा शकटातल्या, म्हणजे गाड्यासारख्या आकृतीतल्या, ताऱ्यांचा गुच्छ सुमारे 150 वर. शिवाय पुढच्या नकाशात सप्तर्षींतल्या पाच ताऱ्यांना एक रंग द्या, क्रतू आणि मरीचीला दुसरा, आणि प्रत्येकाच्या चालीचा बाण काढा. चौकटीत तेवढी जागा आहे. या वेळी तिथे राशींची चित्रे होती.

– एक शेतकरी वाचक, ता. जत, जि. सांगली