३०२ मधल्या चिरंजीवांचे जाहीर आभार

३०२ मधल्या चिरंजीवांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आमचं इंटरनेट नीट करून दिलंस, त्याचे पैसे तू घेतले नाहीस, चहाही अर्धाच टाकून ड्यूटीला पळालास. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण आपल्या सोसायटीत अजून बऱ्याच घरी हीच रड आहे.

फायबर बसवायला आलेल्या माणसाने आमचा जुना राऊटर आतल्या खोलीत जोडून दिला. रेंज वाढेल म्हणाला. वाढली खरी! वाय-फायच्या कांड्या फुल्ल आणि खाली 'नो इंटरनेट'. दहावीच्या पोरांचा ऑनलाइन तास ऐन बीजगणितात तुटायचा, आणि त्याच वेळी ह्यांच्या मोबाईलवर क्रिकेट मजेत चालू. कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर: बंद करून चालू करा. कधीकधी त्याने सुरूही व्हायचं, त्यामुळे धड भांडताही येईना.

तू आल्या आल्या कशाचीच वायर उपटली नाहीस, हे मला फार आवडलं. लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलंस आणि डिफॉल्ट गेटवेच्या, म्हणजे लॅपटॉपला बाहेर जायच्या दाराच्या, ओळीवर बोट ठेवलंस: १९२.१६८.०.१. मग ह्यांचा मोबाईल मागून घेतलास. त्यात १९२.१६८.१.१. "काकू, एका घरात दोन गेटवे?" लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, १६९.२५४ ने सुरू झाला असता तर कुणीच पत्ता दिला नाही असं समजायचं, इथे मात्र देणारे दोघे आहेत, म्हणालास. फायबर कंपनीचा डबा आणि जुना राऊटर, दोघांचंही डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, चालू, आणि मधली वायर दोन्हीकडे लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या खाचेत. आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लॅपटॉप घेणार. जुन्याचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायची खाच, रिकामा, म्हणजे त्याचा पत्ता घेतला की बाहेरचा रस्ता बंद. एकाच दवाखान्यात दोन कंपाउंडर नंबराच्या चिठ्ठ्या वाटताहेत आणि त्यातल्या एकाकडे डॉक्टरच नाही, हे तुझं वाक्य मी आता तासाला वापरणार आहे. रिस्टार्टचा गुण कधी यायचा, कधी नाही, तेही त्यातच उलगडलं.

मग जुन्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केलास आणि त्याचं डीएचसीपी बंद केलंस. आता तो नुसती रेंज देतो. प्रिंटर मधूनच गायब होतो हे तर मी तुला सांगितलंही नव्हतं. त्याला दुकानदाराने हाताने घालून दिलेला नंबर डबा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकत होता. तू वाटपाचे आकडे १०० ते २०० एवढेच ठेवलेस, प्रिंटर त्याच्या बाहेर राहिला.

आणि ती टाचणी! कस्टमर केअरने भोकात टाचणी घालून रिसेट करायला सांगितलं होतं. तू अडवलंस. डब्यातलं पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडायचं, युजरनेम-पासवर्ड पुसलं गेलं असतं, तर कंपनीचा माणूस उगवेपर्यंत आम्ही वाट बघत बसलो असतो.

एक विचारायचं राहिलं. बी विंगमधल्या वहिनींकडेही आत एक जुना राऊटर आहे. त्यांना तुझा नंबर देऊ का? रविवारी सकाळी पोहे त्यांच्याकडेच असतात.

तुझी,
२०२ मधली काकू